"कॉइल गेली" म्हणजे नक्की कुठली? इंजिनातल्या कॉइल ओळखायच्या कशा

गेल्या जुलैमध्ये चिपळूणहून कराडला येताना कुंभार्ली घाटात आमच्या गाडीने दम सोडला. बंद पडली नाही, पण दुसऱ्या गिअरवरसुद्धा चढेना, स्टिअरिंग हातात थरथरायला लागलं, आणि समोर चेक इंजिनचा पिवळा दिवा उघडझाप करायला लागला. धो धो पाऊस, मागे ट्रकची रांग, त्यामुळे थांबायची पण सोय नव्हती. हळूहळू करत पाटणपर्यंत आणली, तिथल्या एका मेकॅनिकने बॉनेट उघडून दोन मिनिटं इंजिनचा आवाज ऐकला आणि म्हणाला, "दादा, एक सिलेंडर मिसिंग आहे, कॉइल गेली असणार. माझ्याकडे नाही, कराडहून मागवा." मिसिंग म्हणजे त्या सिलेंडरमध्ये पेट्रोल नीट पेटत नाही. मी कराडच्या स्पेअर पार्टवाल्याला फोन लावला, कॉइल पाहिजे म्हटलं, तर त्याने धडाधड तीन प्रश्न विचारले. डब्याची का प्लगवरची? पिना किती? गाडी गॅसवर चालते का? तिसऱ्याचं उत्तर मला माहीत होतं, पहिल्या दोनासाठी मेकॅनिकला फोन द्यावा लागला.

त्या दिवसानंतर मी हे सगळं नीट समजून घेतलं, आणि आता वाटतं की पेट्रोल किंवा सीएनजी गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाला एवढं यायला हवं, कारण "कॉइल" या एका नावाखाली गाडीत डझनभर वेगवेगळ्या वस्तू आहेत आणि चुकीची वस्तू घेऊन आलात की ती बसतच नाही, किंवा बसली तर अजून काहीतरी जाळून ठेवते.

आधी कॉइल करते काय ते बघू. बॅटरी १२ व्होल्टची. पण स्पार्क प्लगच्या टोकाला जी मिलिमीटरभर फट असते तिथे, तेही सिलेंडरमधल्या दाबाखाली, ठिणगी उडवायला वीस-तीस हजार व्होल्ट लागतात. हे १२ चे ३०,००० करायचं काम इग्निशन कॉइलचं. आत लोखंडाचा गाभा, त्याच्याभोवती तांब्याच्या तारेची दोन वेटोळी. एक जरा जाड तारेचं, शे-दोनशे वेढ्यांचं, त्याला प्रायमरी म्हणतात. दुसरं केसासारख्या बारीक तारेचं, त्याचे वेढे साधारण शंभर पट, म्हणजे वीसेक हजार, ते सेकंडरी. प्रायमरीतून करंट वाहतो तेव्हा गाभ्यात चुंबकीय शक्ती साठत जाते, त्याला काही मिलिसेकंद लागतात, आणि मग करंट झटकन तोडतात. ठिणगी पडते ती करंट सोडताना नाही, तोडताना. हे डोक्यात बसलं की बाकी सोपं आहे.

शेतावर विहिरीची मोटर चालवलेल्यांना हे लगेच कळेल. लांबलचक पाइपलाइनमधून पाणी जोरात चाललंय आणि लाइट गेली, मोटर अचानक थांबली, की पाइपलाइनला कसा दणका बसतो, जॉइंटसुद्धा उखडतात कधीकधी. मोटरने जेवढा दाब दिला होता त्याच्या कितीतरी पट दाब त्या एका दणक्यात येतो कारण वाहत्या पाण्याला थांबायचं नसतं. वेटोळ्यातल्या करंटचं तसंच. तो तोडला की प्रायमरीतच तीनशे-चारशे व्होल्टचा दणका बसतो, आणि सेकंडरीत वेढे शंभर पट असल्यामुळे तिथे तीस-चाळीस हजारापर्यंत जाऊ शकतो. यामागचं मूळ तत्त्व मायकेल फॅरेडेने १८३१ मध्ये दाखवलं, आयर्लंडमधल्या मेनूथ कॉलेजात शिकवणाऱ्या निकोलस कॅलन या पाद्रीने १८३६ मध्ये त्यावरून मोठी इंडक्शन कॉइल बनवली, आणि बॅटरी-कॉइलवर चालणारी भरवशाची इग्निशन गाडीत आणली अमेरिकेत चार्ल्स केटरिंगने १९१० च्या सुमारास, कॅडिलॅकसाठी. आजची कुठलीही पेट्रोल गाडी घ्या, आत तेच चाललंय, फक्त करंट तोडणारा आणि वाटणारा बदलत गेला.

आणि कॉइलचे प्रकार पण त्यावरूनच पडतात. म्हणून ओळखताना नुसत्या कॉइलच्या आकाराकडे बघत बसू नका, तिच्यापासून प्लगपर्यंत करंट कसा जातो तो रस्ता बघा. जाड रबरी वायरी किती आहेत, कुठून कुठे जातायत, हे आधी मोजायचं. त्या जाड वायरींना आपल्याकडे हायटेन्शन वायर नाहीतर सरळ प्लगची वायर म्हणतात.

आता समजा बॉनेट उघडलं आणि बॉडीला पट्टीने आवळलेला, हातात मावेल एवढा गोल धातूचा डबा दिसला, डोक्यावर काळं टोपण, टोपणाच्या मधोमध एक जाड वायर आणि दोन बाजूला दोन बारीक स्क्रू, एकावर प्लस एकावर मायनस (कुठे कुठे त्याऐवजी १५ आणि १ असे आकडे असतात, १५ म्हणजे प्लस), तर ही झाली डब्याची कॉइल. अँबेसेडर, पद्मिनी, कार्ब्युरेटरवाली मारुती ८००, जुनी ओम्नी, सगळ्यांत हीच. डब्यात तेल असतं, ते इन्सुलेशनचं पण काम करतं आणि गरमी पण बाहेर काढतं. मधली जाड वायर जाते डिस्ट्रिब्यूटरला, ज्याला जुने मेकॅनिक अजून डेल्को म्हणतात, तिथे आत रोटर फिरतो आणि एकेका प्लगला पाळीपाळीने करंट वाटतो. म्हणजे चार सिलेंडरच्या गाडीत पाच जाड वायरी, एक कॉइल ते डेल्को आणि चार डेल्को ते प्लग. सिलेंडरपेक्षा एक जाड वायर जास्त भरली की ओळख पटली.

या कॉइलमध्ये एक फसगत आहे. दोन डबे बाहेरून अगदी सारखे दिसतात, पण एकाच्या प्रायमरीचा रेझिस्टन्स ३ ओहमच्या आसपास असतो आणि दुसऱ्याचा दीडच्या आसपास. दीडवाली कॉइल बॅलास्ट रेझिस्टर, म्हणजे करंट थोडा अडवणारा भाग, लावून वापरायची असते, तो बहुतेकदा चिनीमातीचा पांढरा ठोकळा असतो आणि कॉइलच्या जवळच कुठेतरी बसवलेला असतो. त्याशिवाय थेट १२ व्होल्टवर जोडली तर ती तापते, तेल गळतं, कधी पॉइंट (डेल्कोमधले करंट जोडणारे-तोडणारे धातूचे ठिपके) जळतात. जुनी गाडी जपणाऱ्यांनी दुकानातून डबा आणला की आधी मल्टिमीटर लावावा आणि मगच बसवावा. दुसरं म्हणजे प्लस-मायनस उलटं जोडलं तरी गाडी चालू होते, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही, पण प्लगच्या गरम मधल्या टोकाकडून ठिणगी निघायच्या ऐवजी थंड बाहेरच्या टोकाकडून निघायला लागते, त्याला जास्त व्होल्टेज लागतं, आणि मग सकाळी थंडीत गाडी कुरकुरते. आणि पॉइंटवाल्या गाडीत इंजिन बंद असताना चावी ऑन ठेवून गाणी ऐकत बसू नका, पॉइंट जुळलेल्या जागी थांबले असतील तर सगळा वेळ करंट कॉइलमधून वाहत राहतो.

याच्या पुढची पायरी म्हणजे डब्याऐवजी चौकोनी कॉइल, बाहेर लोखंडी पत्र्यांची चौकट दिसते आणि मध्ये काळं किंवा करडं घट्ट ओतलेलं प्लॅस्टिक, तेल वगैरे काही नाही. डेल्को तोच, वायरी तेवढ्याच. नव्वदच्या दशकातल्या बऱ्याच होंडांमध्ये तर ही कॉइल डिस्ट्रिब्यूटरच्या पोटातच असायची, त्यामुळे बाहेर कॉइल दिसतच नाही आणि जाड वायरी चारच मोजल्या जातात. अशा वेळी मेकॅनिक कॉइल गेली म्हणतो आणि मालक सगळीकडे शोधत बसतो.

मग आला कॉइल पॅक. आपल्याकडे २००० च्या आसपास कार्ब्युरेटर जाऊन एमपीएफआय, म्हणजे कॉम्प्युटरच्या हिशेबाने पेट्रोल फवारणारी यंत्रणा, आलं तेव्हा बऱ्याच गाड्यांतून डेल्को गायब झाला. इंजिनच्या बाजूला किंवा टॅपेट कव्हरच्या (इंजिनच्या डोक्यावरच्या झाकणाच्या) टोकाला एक ठोकळा बसवलेला, त्याला चार बुंधे, चार जाड वायरी थेट चार प्लगना. ठोकळ्यावर बहुतेकदा १, २, ३, ४ असं कोरलेलं असतं. आत मात्र कॉइल दोनच. एक १ आणि ४ साठी, दुसरी २ आणि ३ साठी. कारण चार सिलेंडरमध्ये १ आणि ४ चे पिस्टन एकदमच वर येतात, तेव्हा एकात पेट्रोल पेटवायची वेळ झालेली असते आणि दुसऱ्यात जळका धूर बाहेर चाललेला असतो. ठिणगी दोन्हीकडे पडते, कामाची एक, दुसरी वाया. इंग्रजीत पण तिला वेस्टेड स्पार्कच म्हणतात.

यातून ओळखायची एक फार उपयोगी खूण मिळते. कॉइल पॅकचा अर्धा भाग गेला तर एक सिलेंडर कधी बंद पडत नाही, जोडी पडते. म्हणजे स्कॅनरवर (गाडीच्या कॉम्प्युटरमधले दोषाचे कोड वाचणारं यंत्र) १ आणि ४ दोन्ही मिसिंग दिसले, किंवा २ आणि ३, तर संशय पॅकवर. एकटा ३ दिसला तर आधी वायर आणि प्लग बघा, पॅक बदलायची घाई करू नका. वायर तर स्वस्तातली वस्तू आहे आणि उंदराने कुरतडलेली पण असू शकते, पावसाळ्यात पार्किंगमध्ये उभ्या गाडीत हे सर्रास होतं. अंधारात बॉनेट उघडून इंजिन चालू ठेवलं तर फुटलेल्या वायरीवर निळसर ठिणग्या पळताना स्वच्छ दिसतात. बघायचं लांबून, हात लावायचा नाही.

आता सगळ्यात जास्त दिसणारा प्रकार, प्रत्येक प्लगवर स्वतःची कॉइल. बॉनेट उघडलं, वरचं प्लॅस्टिक कव्हर काढलं, आणि जाड वायर एकही नाही, फक्त टॅपेट कव्हरवर ओळीने तीन किंवा चार काळी बोंडं बसलेली आणि प्रत्येकाला बारीक वायरींचं एक सॉकेट, तर ही प्लगवरची कॉइल. 'कॉइल ऑन प्लग'च्या इंग्रजी आद्याक्षरांवरून काही जण सीओपी म्हणतात. यात पण दोन जाती. एकात कॉइल वर डोक्यात असते आणि खाली फक्त लांब रबरी बूट, आत स्प्रिंग, तो प्लगवर जाऊन बसतो. दुसरी पेन्सिल कॉइल, तिचं डोकं छोटं आणि वेटोळी खाली दांड्यातच गुंडाळलेली, तो अख्खा दांडा प्लगच्या विहिरीत, म्हणजे प्लग बसतो त्या खोल भोकात, उतरतो. बाहेर काढून बघितल्या की फरक लगेच कळतो, रबरी बूट वाकतो, पेन्सिलचा दांडा बहुतेक सगळा कडक असतो. पेन्सिल कॉइल विहिरीत बसल्यामुळे जास्त तापते.

प्रत्येकाला वेगळी कॉइल द्यायची गरज काय, तर हिशेब करून बघा. फोर स्ट्रोक इंजिनात दर दोन फेऱ्यांना एका सिलेंडरला एक ठिणगी. ६,००० आरपीएमला चार सिलेंडरना मिळून मिनिटाला १२,००० म्हणजे सेकंदाला २०० ठिणग्या. एकटी डब्याची कॉइल असेल तर तिला भरायला आणि सोडायला मिळून फक्त ५ मिलिसेकंद मिळतात, नीट भरायच्या आधीच पुढचा नंबर येतो आणि ठिणगी कमजोर पडते. चार कॉइल असतील तर प्रत्येकीला २० मिलिसेकंद. वर फिरणारा रोटर नाही, गळकी वायर नाही, आणि गाडीच्या कॉम्प्युटरला प्रत्येक सिलेंडरचा टायमिंग वेगळा ठरवता येतो.

यात एक नमुना सांगण्यासारखा आहे, होंडा सिटीची ती डॉल्फिन म्हणून ओळखली जाणारी २००३ ची आय-डीएसआय. चार सिलेंडर पण प्लग आठ, आणि कॉइल पण आठ, चार समोर, चार मागे फायरवॉलच्या बाजूला. समोरच्या चार दिसतात, मागच्या चार पटकन दिसत नाहीत, त्यामुळे सेकंडहँड घेतलेल्या कितीतरी जणांना त्या आहेत हेच माहीत नसतं आणि प्लग बदलताना चारच बदलले जातात. उलट काही इंजिनांत चार प्लगना दोनच कॉइल असतात, दोन प्लगवर बसवलेल्या, आणि प्रत्येकीच्या कुशीतून एक वायर दुसऱ्या प्लगला गेलेली. ती दिसायला प्लगवरची पण काम कॉइल पॅकचं, जोडीने ठिणगी देणारी.

आता दुकानदाराचा दुसरा प्रश्न, पिना किती. सॉकेट काढून आत बघायचं. दोन पिना असतील तर आत नुसती वेटोळी, एक पिन १२ व्होल्ट आणि दुसरी कॉम्प्युटरकडे, करंट तोडायचं काम कॉम्प्युटर करतो. तीन पिना असतील तर बहुतेक वेळा करंट तोडणारा ट्रान्झिस्टर कॉइलच्या डोक्यातच आहे, १२ व्होल्ट, अर्थ आणि तिसरी कॉम्प्युटरकडून येणारी इशाऱ्याची वायर. चार पिना टोयोटाच्या बऱ्याच गाड्यांत, चौथी वायर उलट कॉम्प्युटरला सांगते की हो, ठिणगी दिली. मात्र हे पिनांचं गणित प्लगवरच्या एकट्या कॉइलचं. कॉइल पॅकला तीन पिना दिसल्या तर तिथे एक १२ व्होल्टची आणि दोन आतल्या दोन कॉइलच्या असू शकतात. बाहेरून सारखी दिसते, सॉकेट पण बसतंय, म्हणून दुसऱ्या गाडीची कॉइल लावायचा मोह होतो, तो कृपा करून टाळा. त्यातून कॉम्प्युटर जळू शकतो आणि तो कॉइलपेक्षा कितीतरी महाग पडतो. जुन्या कॉइलवर पार्ट नंबर छापलेला किंवा कोरलेला असतो, कापडाने पुसून मोबाइलवर फोटो काढा आणि तो दुकानदाराला पाठवा.

पिनांवरून मल्टिमीटर कुठे चालतो ते पण ठरतं. दोन पिनांच्या कॉइलची प्रायमरी मोजता येते, साधारण अर्धा ते एक ओहम, थोडं खालीवर. तीन-चार पिनांच्या कॉइलमध्ये ट्रान्झिस्टर मध्ये असल्यामुळे आकड्याला अर्थ नाही. डब्याची कॉइल आणि कॉइल पॅकची सेकंडरी हजारोंमध्ये येते, ६ ते १५ किलो-ओहम असं काहीतरी, पण प्लगवरच्या बऱ्याच कॉइलमध्ये आत डायोड असतो त्यामुळे साधा मीटर ओपन, म्हणजे तार तुटल्यासारखं, दाखवतो आणि लोक चांगली कॉइल फेकून देतात.

आणि कॉइल म्हटलं की हीच असेल असं पण नाही. एसीवाला "कॉइल लीक आहे" म्हणाला तर तो डॅशबोर्डच्या आतल्या कूलिंग कॉइलबद्दल बोलतोय, ती गॅसची जाळी, तिचा ठिणगीशी संबंध नाही. इंजेक्टरमध्ये, रिलेमध्ये, एसी कॉम्प्रेसरच्या क्लचमध्ये, अल्टरनेटरमध्ये, सगळीकडे वेटोळी आहेत. सेल्फच्या सोलेनॉइडमध्ये तर दोन आहेत, एक दांडा ओढणारी, एक ओढलेला धरून ठेवणारी, आणि बॅटरी उतरली की चावी फिरवल्यावर जो टकटकटक आवाज येतो तो बहुतेकदा त्या धरून ठेवणारीला ताकद पुरत नाही म्हणून. आणि डिझेल गाडी असेल तर इग्निशन कॉइल नाहीच, तिथे हवा दाबून तापते आणि त्यातच डिझेल पेटतं. चावी ऑन केल्यावर पिवळं वेटोळ्याचं चित्र लागतं ते हीटर प्लगचं.

गॅसचा प्रश्न दुकानदार का विचारतो, ते पण कळलं. सीएनजी पेटवायला पेट्रोलपेक्षा जास्त व्होल्टेज लागतं. त्यामुळे प्लगची फट झिजून वाढली की पेट्रोलवर गाडी छान चालते आणि गॅसवर टाकली की झटके देते. कॉइलवरचा ताण वाढत जातो, आणि ठिणगीला प्लगमधून जाणं अवघड झालं की ती रबरी बूट फोडून बाजूच्या लोखंडात उतरते. म्हणून गॅसवरच्या गाडीला प्लग वेळेवर बदलणं हीच कॉइलची निगा.

पाटणला त्या मेकॅनिकने काय केलं ते मी शेजारी उभं राहून बघितलं. स्कॅनरवर पी०३०३ आला होता, शेवटचा आकडा ३ म्हणजे तिसरा सिलेंडर. त्याने इंजिन बंद केलं, चावी काढली, १० नंबरच्या टी पान्याने तिसऱ्या कॉइलचा एकुलता बोल्ट काढला, सॉकेटची कडी दाबून सोडवली, आणि कॉइल सरळ न ओढता आधी थोडी डावी-उजवी फिरवली, नाहीतर बूट प्लगलाच चिकटून खाली राहतो म्हणे. मग ती तिसऱ्याची कॉइल पहिल्यावर बसवली आणि पहिल्याची तिसऱ्यावर. कोड पुसून गाडी दोन मिनिटं चालवली, आता पी०३०१. दोष कॉइलबरोबर सरकला. प्लग किंवा इंजेक्टरचा दोष असता तर तो तिसऱ्यावरच राहिला असता. मीटर नाही, काही नाही, फक्त जागा बदलली, आणि उत्तर पक्कं.

मग त्याने ती कॉइल माझ्या हातात दिली. रबरी बूट खालच्या बाजूला फुगून मऊ पडला होता, हाताला तेल लागलं, आणि बुटाच्या अंगावरून वरपासून खालपर्यंत पेन्सिलने ओढावी तशी एक बारीक काळी रेघ. ठिणगी त्या रेघेवरून पळत होती. त्याने विहिरीत टॉर्च मारला, तळाशी प्लगच्या भोवती इंजिन ऑइल साचलेलं. टॅपेट कव्हरचं पॅकिंग गळत होतं आणि तेलाने रबर खाल्लं होतं. "नुसती कॉइल टाकली तर चार महिन्यांनी परत येशील दादा, पॅकिंग पण मागव."

उघडझाप करणाऱ्या दिव्याचा अर्थ पण त्यानेच सांगितला. नुसता लागलेला दिवा म्हणजे गाडी दाखवून घ्या, उघडझाप म्हणजे मिसिंग इतकं आहे की न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमध्ये जातंय आणि तिथला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर (धूर स्वच्छ करणारा भाग) तापून वितळू शकतो, तेव्हा सुरक्षित जागा मिळताच गाडी बाजूला घ्यायची. आणि जुन्या सवयीने चालू इंजिनवर कॉइल उपसून ठिणगी बघायला जाऊ नका, झटका जोरदार बसतो, आणि जागा न मिळालेला करंट कॉइल किंवा कॉम्प्युटरमधून रस्ता काढतो.

संध्याकाळी कराडहून एसटीने पार्सल आलं, तीन पिनांची कॉइल आणि पॅकिंग. त्याने विहीर कापडाने कोरडी केली, तिन्ही प्लगची फट मोजली, नव्या बुटाच्या आतल्या बाजूला बोटाच्या टोकावर घेऊन जरासं सिलिकॉन ग्रीस फिरवलं, कॉइल दाबून बसवली, बोल्ट हलक्या हाताने आवळला कारण खाली ॲल्युमिनियम आणि प्लॅस्टिक, जोर केला की आटे जातात, आणि सॉकेट लावताना कट् असा आवाज येईपर्यंत दाबलं. जुनी कॉइल मी घरी घेऊन आलोय, तिच्यावरचा पार्ट नंबर गाडीच्या आरसी बुकच्या कव्हरमध्ये लिहून ठेवलाय.